बावीस चोक अठ्ठ्याऐंशी

कार्डावर सोळाशे चाळीस लिहिलं होतं आणि मीटर सतराशे अठ्ठावीस दाखवत होता.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग गाडीतून उतरून त्याने तळघरातल्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारली, परत येऊन बसला आणि तिसऱ्यांदा पाहिलं. आकडा तोच होता.

छत्तीस वर्षं त्याने जमिनी मोजल्या होत्या. ऑफिसात त्याच्या पाठीमागे त्याला फूटपट्टी म्हणायचे. ते नाव एक दिवस घरी आलं आणि घरचंच झालं. मोजलं की लिहायचं, हा त्याचा खाक्या. निवृत्तीनंतर त्याने आयुष्यातला एकमेव वेडेपणा केला आणि ही गाडी घेतली. लाल, दोघांपुरती, जमिनीला टेकलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो ती तळ्यापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. आल्या आल्या आकडा कार्डावर.

बायको गाडीला सवत म्हणायची. सहा वर्षांत ती एकदाही तिच्यात बसली नव्हती. "सवतीच्या मांडीवर बसू होय?" म्हणायची. गेल्या दोन महिन्यांचे रविवार तर तिने त्याच्या गुडघ्याचं निमित्त धरून मोडलेच होते. "बसा घरी. सवत कुठे पळून जात नाही."

वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य वर्षभर गाडीच्या मागे लागला होता. आज अकराला तो शेवटचं विचारायला येणार होता. फूटपट्टी नाहीच म्हणणार होता. त्याआधी गाडी एकदा डोळे भरून पाहावी, एवढ्यासाठी तो खाली आला होता.

फरक अठ्ठ्याऐंशीचा होता. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. हेच त्याला खात होतं. कुणी चोरून फिरवली असती तर कसाही आकडा आला असता. हा त्याचाच रस्ता होता, तळ्यापर्यंत आणि परत, चार वेळा. कव्हरच्या दोऱ्यांना त्याच्याच पद्धतीच्या गाठी होत्या. आरसा जागेवर होता. सीट त्याच्या मापाला होती. त्याने वाकून सीटखाली पाहिलं. खालच्या पट्टीवर खडूची खूण होती. एक उभी रेघ, तिच्यावर छोटी आडवी. अशी खूण तो जन्मभर करत आला होता. ही कधी केली, ते मात्र त्याला आठवेना.

दादाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. शेवटी शेवटी तो सख्ख्या भावाला "आपण कुठले?" म्हणून विचारायचा, आणि तेही फार अदबीने.

फूटपट्टी गाडीच्या पुढे जाऊन उकिडवा बसला. तळ्याच्या रस्त्यावर एक शाळा होती. त्या शाळेसमोरून त्याने चार वेळा गाडी नेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. त्याने बंपरवरून हात फिरवला. ओरखडा लागला नाही. त्याने पुन्हा फिरवला.

आणि शेवटची फेरी तर त्याला लख्ख आठवत होती. तळ्यावर वारा होता, पाण्यात बदकं होती. येताना एकही सिग्नल लाल लागला नाही. घरी येऊन त्याने सोळाशे चाळीस लिहिलं होतं. मग पुढच्या चार फेऱ्या गेल्या कुठे?

"अहो, खाली काय शोधताय?"

बायको जिन्यापाशी उभी होती. खांद्याला शिवणाच्या क्लासची पिशवी. दोन महिने क्लास चालला होता आणि अजून उशीचा एक अभ्राही शिवून झाला नव्हता, यावरून तो तिला रोज चिडवायचा.

"मी दंतवैद्याला हो म्हणतोय," तो म्हणाला. "घेऊन जाऊ दे त्याला आजच."

तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिने खांद्यावरची पिशवी उतरवली.

"मी गाडी घेऊन जातो आणि मला आठवत नाही. चार वेळा गेलोय. मला दादासारखं होतंय गं."

तिने पिशवीत हात घातला आणि गाडीची दुसरी किल्ली बाहेर काढली.

"चार वेळा मी गेले होते. तुम्ही वाचनालयात गेलात की निघायचे."

"तू?"

"क्लास शिवणाचा नव्हता. गाडी शिकत होते. सीट पुढे घ्यावी लागायची, म्हणून आधी खडूने खूण करून ठेवली. एवढी वर्षं तुमच्याबरोबर काढल्यावर तेवढं यायलाच हवं."

फूटपट्टी चाकाला टेकून खालीच बसला आणि हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. तो ठीक होता. कार्ड ठीक होतं. आता कशाला विकतोय गाडी.

"अगं, पण सवतीला घेऊन नेमकी तळ्यावरच कशाला जायचीस?"

ती हसत नव्हती. ती त्याच्या शेजारी येऊन फरशीवर बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

"तो रस्ता मला चालवता यायला हवा होता. मागच्या वेळी तुम्ही तळ्यावरून फोन केलात. घर कोणत्या बाजूला ते आठवत नाही, म्हणालात. टॅक्सी मिळून मी पोचेपर्यंत तास गेला."

"काहीतरीच. मी आलो ना घरी. गाडी मीच चालवली. मला सगळं आठवतंय."

"तुम्हीच चालवलीत," ती म्हणाली. "मी शेजारी बसून रस्ता सांगत होते."