मोकळी

मुकेशची शवपेटी प्रार्थनाघरात आणून ठेवली, तेव्हा पल्लवी पुढच्या बाकाजवळ उभी होती. बाकावर मुकेशची आई गोजाबाई आणि त्याच्या बहिणी बसल्या होत्या. कडेला एका माणसापुरती जागा होती. बसावं की नाही, ते पल्लवीला कळेना.

"तू मागं बस गो," मुकेशची आत्या हळूच म्हणाली. "इथं घरची मानसं बसतात."

पल्लवी मागे जाऊन बापाशेजारी बसली. आदल्या दिवशी माळशेजच्या उतारावर ट्रकने मुकेशच्या मोटारसायकलला उडवलं होतं. सकाळी पल्लवीच्या गावी, शेणव्याला, निरोप आला, तसा तिचा बाप सोमा लेकीला घेऊन निघाला होता.

याच प्रार्थनाघरात पल्लवी-मुकेशचा साखरपुडा झाला होता. मुकेशचं घर ख्रिस्ती, सोमाच्या घरात बुद्धाची तसबीर. पोरीला इथली रीत नवी. म्हणून पाळकसाहेबांनी तेव्हा तिला जवळ बसवून समजावलं होतं, "साखरपुडा म्हणजे नुसती अंगठी नव्हे, पोरी. देवासमोर दिलेला शब्द आहे. आजपासून तुम्ही एकमेकांची झालात." मुकेश तेव्हा तिच्याकडे बघून लाजला होता. तो लाजला म्हणून तिला हसू आलं होतं.

पेटी टेकडीखालच्या कबरस्तानात नेली. आधी आईनं माती द्यायची, मग भावंडांनी, मग नातेवाइकांनी, शेवटी गावानं. लोक आपापले सरकून उभे राहिले. पल्लवी पाळकसाहेबांकडे गेली.

"साहेब, मी कुणात उभी राहू?"

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तो शब्द होता, पोरी. लग्न नव्हे. मरणानं शब्द सुटतो. तू मोकळी आहेस. देव तुझ्यावर कसलंच ओझं ठेवत नाही."

"पण मी कुठं म्हनलं, ओझं हाय म्हनून?"

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. तेवढ्यात गोजाबाई जवळ आली. तिचे डोळे सुजले होते, आवाज बसला होता. तिनं पल्लवीचा हात हातात घेतला.

"अंगठी दे, बाय. तरनी पोर तू. माझ्या पोराच्या नावानं बसून राहू नको."

पल्लवीनं मूठ आवळली. गोजाबाईनं एकेक बोट सोडवलं, लहान मुलाच्या हातातून विळी काढून घ्यावी तसं. सोमा मागून म्हणाला, "दे गो. तुझ्या भल्याचंच सांगते ती." तिला कुणीच वाकडं बोललं नाही. सगळे तिला जपत होते.

अंगठी निघाली. गोजाबाईनं ती पदराच्या गाठीत बांधली आणि तिथंच मटकन खाली बसली. बहिणींनी तिला उचललं. पल्लवी सावरायला पुढे झाली, पण तिच्या हाताला जागाच उरली नव्हती.

ती गावाच्या रांगेत उभी राहिली, सगळ्यांच्या मागे. तिची पाळी आली तोवर खड्डा भरत आला होता. पेटीचं लाकूड कुठंच दिसेना. तिनं माती टाकली. मातीवर माती पडली, आवाजसुद्धा झाला नाही.

मग बापलेक वैशाखऱ्याच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभी राहिली. लाकडाची मोळी उतरवून एक म्हातारी शेजारी टेकली. तिनं पल्लवीच्या मातीनं भरलेल्या हातांकडे बघितलं, रडून लाल झालेल्या डोळ्यांकडे बघितलं.

"कोन गेला गो तुझा?"

सोमा रस्त्याकडे बघू लागला.

पल्लवीनं अंगठीचं रिकामं बोट चाचपलं.

"अजून कोनी नव्हता, मावशी," ती म्हणाली.