दर्शनी भिंत

ग्लासगोतल्या त्या लाल दगडी इमारतीची आता फक्त दर्शनी भिंत उरली होती. मागचं सगळं पाडून झालं होतं आणि भिंत लोखंडी टेकूंवर उभी होती.

"केवढं कोरीवकाम वाचवलं आपण!" बिल्डर फर्गस जमलेल्या लोकांना कौतुकानं सांगत होता.

"दगड वाचवलेस रे. आईला मात्र हुसकून लावलंस," त्याची बहीण आयलीन सगळ्यांदेखत म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यानंच आईला सोडायला लावलं होतं. वृद्धाश्रमात ती महिनाभरही जगली नाही.

"झालं तुझं सुरू! लोकांसमोर तरी गप्प बस."

तेवढ्यात एका म्हातारबुवांनी वर बोट दाखवलं. "तिथे काच कोण पुसतंय?"

तिसऱ्या मजल्यावरच्या साऱ्या खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. एका काचेवर मात्र आतून ओलं फडकं गोल गोल फिरत होतं. मग ते थांबलं आणि खिडकीची काच वर सरकली.

"फर्गी, चहा गार होतोय रे!"

फर्गसचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "आलो गं," म्हणत तो दारातून आत गेला आणि दार त्याच्यामागे बंद झालं.

आयलीननं धावत जाऊन ते उघडलं. पलीकडे राडारोडा होता, ऊन होतं, माणूस कोणीच नव्हतं. आणि तिच्या डोक्यावर, मोकळ्या हवेत, कुणीतरी जिना चढत असल्याची पावलं वाजत होती.