मुगाचं कढण

वजन कमी करायचं ऑपरेशन रश्मीनं पुण्यात जाऊन दुसऱ्यांदा करून घेतलं, कारण पहिल्यानंतर उतरलेलं वजन पुन्हा चढलं होतं. वालचंदनगरच्या कॉलनीत मात्र तिनं सांगितलं, पित्ताशयातले खडे काढले. पहिल्या वेळी तर ऑपरेशन झाल्याचंच कुणाला कळू दिलं नव्हतं. "रोज चालते आणि मुगाच्या कढणावर राहते," एवढंच ती हसून सांगायची.

आता डॉक्टरांनी खरोखरच पातळ खाण्यावर ठेवलं होतं. शेजारची अबोली गाळलेलं कढण घेऊन आली आणि चमच्याचमच्यानं पाजू लागली. बारामती एमआयडीसीत कामाला जाणारी ती गुबगुबीत पोरगी आज पांढरीफटक दिसत होती.

"तुला काय झालंय गं?"

"काय न्हाय काकू. तुमच्यासारखं मी बी नुसत्या कढणावर राहतीय. काल मशीनपाशी चक्कर येऊन पडले. पण वजन काय हलंना. तुमच्यासारखी जिद्दच न्हाय माझ्यात."

रश्मीनं पुढचा चमचा हातानं बाजूला सारला. तिनं अबोलीला जवळ बसवलं, गाऊनची बटणं सोडून पोटावरचे व्रण दाखवले, जुने आणि ताजे. मग मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

अबोलीनं कढणाची वाटी खाली ठेवली.



"मग काकू, इतकं दिवस मला माझीच लाज का वाटत व्हती?"