मोठी अक्षरे

सकाळचे ऊन आधी समोरच्या भिंतीवर उमटे. तिथून ते खाली उतरे, गजांच्या सावल्या सोबत घेऊन, कसलीच घाई नसल्यासारखे. आईच्या खांद्यावर थोडे थांबे, मग तिच्या मांडीवर येई आणि शेवटी खिडकीखालच्या शिलाई मशीनवर स्थिरावे. फळीची झिजलेली कड, बिनदोऱ्याचे रीळ, बोथट कात्री, एकेका वस्तूवरून ते हात फिरवून जाई. याच उन्हात आई पूर्वी एका दमात सुईत दोरा ओवत असे. लहानपणी तो तिच्या पायांशी बसून अभ्यास करी, आणि मशीनची खडखड न थांबवता ती वरून म्हणे, "तिसऱ्या ओळीत काना राहिलाय."

आज ऊन तिच्या मांडीवरच्या फोनवर होते. वयस्कांना सहज वापरता येईल असे निरोपांचे ॲप तो वर्षभर घडवत होता. कंपनीसाठी, असे तो सांगे. उद्या त्याला नोकरीच्या गावी परतायचे होते. आईला घर सोडायचे नव्हते आणि ताईचे म्हणणे एकच होते : तिला एकटी ठेवू नकोस, तिला दिसेनासे झाले आहे. त्याने ते उडवून लावले होते. डोळ्यांना काही झालेले नाही, अक्षरेच बारीक असतात. आईला निरोप पाठवता आला, की ती इथेच राहील, असे शेवटी ठरले.

"आता झाली ना मोठी अक्षरं?"

"हत्तीएवढी," आई म्हणाली. "आणखी वाढवलीस तर शेजारीण तिच्या घरातून वाचेल."

तो हसला. आठवडाभराच्या सरावात ती एकदाही चुकली नव्हती. मधले गोल बटण दाबून बोलायचे, मग खाली उजवीकडचे दाबून पाठवायचे. जन्म काजे-बटणे करण्यात गेला, तिथे या दोन बटणांची काय मातब्बरी, असे ती म्हणे.

काल त्याने एकच बदल केला होता. उजवीकडचे बटण अंगठ्याच्या धक्क्याने चुकून दबते, अशी ॲप वापरून पाहणाऱ्या इतरांची तक्रार होती, म्हणून त्याने ते डावीकडे नेले. दुप्पट मोठे आणि गडद हिरवे केले. आईला सांगायचे राहून गेले. दिसेलच की, असे त्याला वाटले.

आईने मधले बटण दाबले. "मी बरी आहे. तू वेळेवर जेवत जा," ती फोनला म्हणाली. मग तिचे बोट, सुईसारखे नेमके, खाली उजवीकडे गेले आणि कोऱ्या पांढऱ्या जागेवर टेकले.

"गेला बघ."

त्याच्या खिशातला फोन वाजला नाही. तिच्या मांडीवर, डावीकडे, ते हिरवे बटण भर उन्हातही ठळक दिसत होते. तिचा चेहरा खिडकीकडे होता, आणि त्यावर धडा पाठ म्हणून दाखवलेल्या मुलीचे समाधान होते.

मग ते समाधान हळूहळू ओसरले.

"आला ना रे?" तिने विचारले, जरा खालच्या आवाजात.

आईला दिसत नव्हते.