चाललेली चालणार नाही

“नाही हो, ती चाललेली चालणार नाही,” संस्थेच्या ताई म्हणाल्या आणि आपण काय बोलून बसलो ते कळून स्वतःच ओशाळल्या.

भिंगरी मात्र खुदकन हसली. व्हीलचेअरमधून उठून ती मैदानाच्या कडेला उभी होती, आईचा हात न धरता. पाय जरा फाकलेले, गुडघ्याखाली आधाराचे पट्टे, पण उभी. नऊ वर्षांची पोर. रांगणं सोडलं ती एकदम पळायलाच लागली, म्हणून बापाने हे नाव पाडलं होतं. आता स्नायू झिजवणारा एक दुर्मीळ आजार तिच्या पायांत शिरला होता आणि नाव बदलायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मैदानात माणसं मावत नव्हती. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे शर्ट, छातीवर ‘चालू या त्यांच्यासाठी’. प्रत्येकाने नातेवाइकांना, ऑफिसातल्यांना गळ घालून आपल्या चालण्यावर देणग्या कबूल करून घेतल्या होत्या. सगळा पैसा या आजारावरच्या संशोधनाला जाणार होता. मंडळी खुशीत होती. पुण्य पदरात आणि पोटही आत.

भिंगरीलाही तोच शर्ट मिळाला होता. आई शिवणकाम करायची. तिने तो बाजूंनी आत घेऊन मापात बसवला होता.

“आई, त्यांच्यासाठी म्हणजे कोणासाठी?”

“तुझ्यासाठी.”

“मग माझ्या शर्टावर कशाला लिहिलंय?”

आई ताईंकडे वळली. “शेवटच्या वळणापासून फितीपर्यंत, एवढंच चालते म्हणतेय. रोज गल्लीत सराव करते, पडते, परत उठते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. एकदा चालू दे ना तिला, सगळ्यांसमोर.”

ताईंनी तिला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला. “मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझा धाकटा भाऊ ह्याच आजाराने गेला. मागच्या वेळी आम्ही चालत्या मुलांना पुढे ठेवलं होतं. लोक काय म्हणाले, माहितीये? ‘चांगली धडधाकट तर दिसतायत!’ खिशातले हात खिशातच राहिले. आज रंगाच्या कंपनीचे साहेब येतायत. त्यांनी हात आखडता घेतला तर प्रयोगशाळेला कुलूप लागेल. मग औषध कोण शोधणार? तुम्ही का मी?”

ताई दुष्ट असत्या तर फार बरं झालं असतं. चार शब्द सुनावून पोरीला घरी नेता आलं असतं. पण बाईंचे डोळे भरून आले होते, आणि त्या बोलत होत्या त्यात खोटं काही नव्हतं. माणसांना पाझर फुटायला खुर्चीच लागते.

आईच्या मस्तकात तिडीक गेली. ती कोणावर काढायची ते कळेना. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. असते हो, तिचा उपयोग नसतो.

ती लेकीपाशी आली. “बस, बाळा.”

“पण तू हो म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते. आज बसूनच जाऊ. चालेल ना?”

भिंगरीने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे.

“चालेल,” ती म्हणाली, आणि बसली.

बँड सुरू झाला. खुर्ची सगळ्यांच्या पुढे, आई ती ढकलतेय, मागे पिवळी गर्दी. फोटोवाला उलटा चालत समोर होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना धडकत होता. एक बाई पुढे धावत आली, भिंगरीचा गाल कुरवाळून “बिचारी गं!” म्हणाली आणि पाणी प्यायला थांबली. भिंगरी आपले बूट बघत राहिली.

शेवटचं वळण आलं तसे तिने पाय खुर्चीच्या फळीवरून खाली घेतले. बूट रस्त्याला घासू लागले.

“आई, हेच ते वळण.”

“पाय वर घे. अडकतील चाकात.”

आईने खुर्ची जोरात ढकलली.

फितीपाशी रंगाच्या कंपनीचे साहेब गाडीतून नुकतेच उतरले होते. इस्त्रीच्या शर्टावर त्यांनी पिवळा शर्ट चढवला होता. त्यांनी कात्री घेतली, खुर्चीकडे पाहिलं, आणि ते फीत कापायचं विसरूनच गेले. कात्री तशीच हातात ठेवून त्यांनी माइक मागितला.

“मला भाषण जमत नाही,” ते म्हणाले. “एवढंच सांगतो. ही पोर एक दिवस आपल्या पायांनी ही फीत ओलांडेल. तो दिवस बघायला मिळणार असेल, तर मी काय वाट्टेल ते द्यायला तयार आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई पदराने डोळे पुसत होत्या.

भिंगरीने मान वर केली. सकाळभरात पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला होता. तिने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले.

“आई, उठू? बघ ना, त्यांना तेच बघायचंय!”

आईने मागून तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि खाली दाबले.

“वा!” फोटोवाला ओरडला. “मावशी, हात अस्सेच राहू द्या. हलवू नका.”