कोळशाची ऊब

“मी येईस्तोवर कडी काढायची न्हाई. कोणी बी असो.”

नवऱ्याचे हे शब्द गोजरबाईच्या कानात होते आणि बाहेरून दारावर कुऱ्हाड पडत होती.

पौषातला सोमवार. दिवेलागण झाली होती. औंढ्याच्या धर्मशाळेत ती आणि इंदूरची म्हातारी पार्वतीबाई, दोघीच. तिकडच्या थंडीत म्हातारीचे गुडघे धरायचे, म्हणून तिचा मुलगा गोपीचंद दर पौषात तिला इथल्या उन्हाला आणायचा. धर्मशाळा राखणारा संतराम, गोजरबाईचा नवरा, त्याला दरवर्षी कळवायचा, रजई आणू नका, इथं लागत नाही. यंदा मात्र हंड्यातलं पाणी हाताला चावत होतं. ऊब कशी राखायची हे इथं कुणाला माहीत होतं? संतरामनं झरोक्यांत पोती कोंबली, दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, कोळशाच्या दोन शेगड्या पेटवून आत ठेवल्या आणि गोपीचंदला घेऊन घोंगड्या आणायला गेला. रझाकारांचे दिवस होते, म्हणून कडी.

गोजरबाईचं डोकं ठणकत होतं. उपासानं असेल, असं तिला वाटलं. म्हातारी कधीची गप्प झोपली होती.

“भाबी, कडी... जमील...”

धापा टाकणारा आवाज. जमील भट्टी लावून कोळसा पाडणारा. सकाळी कोळसा टाकून गेला होता. हाही रझाकारांत गेला म्हणायचा.

फळी फुटली. भोकातून हात आत आला, कडी चाचपू लागला. तिनं नागनाथाचं नाव घेतलं आणि कोयता घातला. दोन बोटं उंबऱ्यावर पडली. बाहेर माणूस गुरासारखा ओरडला. तिनं पुन्हा कोयता उगारला, पण हात वर जाईना. तो रक्ताळलेला हात मागं गेला नव्हता. उरलेल्या बोटांनी त्यानं कडी काढली.

जमीलनं शेगड्या लाथेनं बाहेर उडवल्या. म्हातारीला केसांना धरून अंगणात ओढलं, मग गोजरबाईला. गार वाऱ्यात तिला ओकारी आली. म्हातारीनं मोठ्यानं श्वास घेतला.

“वाटेत संतराम भेटला,” जमील पटक्यानं हात आवळत म्हणाला. “म्हणला, खोली गच्च बंद केली. ते मागून येऊन राहिले, मी पळत निघालो. बंद खोलीत कोळसा माणूस मारतो, भाबी. माझा बाप असाच गेला.”

त्याची बायको जाहेदा धावत आली. हात पाहिला आणि गोजरबाईकडे वळली. “परवाच भट्टी पेटवली. वरची माती तडकली न् लिंपली न्हाई, तर समदी राख. आता कोन राखंल? तुमचा देव?”

“जमीलभाईंची जखम भरून येईस्तोवर मी राखीन,” गोजरबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारीनं गाठोडं बांधायला घेतलं. “अपने घर की ठंड पहचान की तो है, बेटा,” ती गोपीचंदला म्हणाली.

संतराम दाराला फळी ठोकत होता. “राहू द्या ते भोक,” गोजरबाई म्हणाली.

“भट्टी राखायला निघालीस, पण तुला त्यातलं काय कळतं?”

“फट दिसली की ओली माती लावायची. जाहेदानं सांगितलं.”

रोज पहाटे नागनाथाला पाणी घालायचा तिचा नेम होता. आज तिनं घागर भरली ती माती कालवायला, आणि टेकडीमागच्या धुराकडे चालू लागली.