त्याच शाळेतले दिनानाथ

वैशालीने दिनानाथांचे दोन्ही हात धरून छातीपर्यंत वर आणले. "इतके खाली नको, काका," तिने खुणेने सांगितलं. "मागच्यांना दिसायला हवेत."

दिनानाथांनी मान हलवली. हात पुन्हा मांडीवर येऊन पडले.

वाशीच्या समाजमंदिरात खुर्च्या लागत होत्या. अकराला सभा होती आणि मंचावरून पोपटबद्दल दिनानाथ बोलणार होते. मूकबधिर मंडळाला दर रविवारी एक खोली हवी होती, तिथे मनाचा डॉक्टर हवा होता आणि त्याच्या शेजारी खुणांची भाषा जाणणारं कुणीतरी. आसपासच्या सोसायट्यांचे लोक ऐकून घेणार होते. पटलं तर अर्जावर सह्या देणार होते.

हे सगळं पोपटमुळे. कोपरखैरण्याचा पोपट जन्मापासून बहिरा, तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला. चार महिने त्याला झोप नव्हती. दवाखान्यात गेला. डॉक्टरांना त्याचं कळेना, त्याला डॉक्टरांचं. गोळ्यांची पुडी मिळाली. चोविसाव्या वर्षी त्याने आपणहून आयुष्य संपवलं. पेपरात चार ओळी आल्या.

त्या ओळी वाचूनच दिनानाथ मंडळात आले होते. साठीला टेकलेले, पांढरा सदरा घालून कोपऱ्यात बसणारे. "मीही पोपटच्या शाळेतला," एवढंच त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. त्या शाळेत हात हलवायला बंदी होती. ओठ वाचा, तोंडाने बोला, हाच नियम. तिथल्यांना खुणा येत नाहीत हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी जास्त विचारलं नाही. वैशाली स्वतः बहिरी. शिवणकाम आटोपलं की ती त्यांना एकेक खूण शिकवायची. आठ महिने शिकवत राहिली.

सभेला त्या शाळेतले जुने विद्यार्थी येणार हे कळलं, तेव्हापासून दिनानाथांचं जेवण सुटलं होतं.

"आपलीच माणसं ती," वैशाली आताही खुणेने म्हणाली. "त्यांना काय भ्यायचं?"

"पुढच्या महिन्यात बोलतो," दिनानाथांनी खूण केली.

"तोवर आणखी एखादा जाईल."

दिनानाथ खिडकीबाहेर बघत बसले.

तेवढ्यात वैशालीचा भाऊ अरविंद पोपटच्या आईला, बयाबाईला, घेऊन आला. अरविंदला ऐकू येत होतं. बोलणाऱ्यांच्या खुणा करायच्या आणि खुणा बोलून दाखवायच्या, हे त्याचं काम. बयाबाई दिनानाथांसमोर बसली.

"तुमी त्याच शालेतलं ना? मी कदी गेली नाय तिथं. त्याचा बा न्यायचा त्याला. शालेतून सांगलेला, घरान हात हलवू देऊ नका, नायतर तो कदी बोलाचा नाय. मंग मीपन त्याचं हात धरून ठेवलं." तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "मना काय म्हायती, तो कायतरी सांगत व्हता."

अरविंदचे हात सुरू व्हायच्या आतच दिनानाथांनी मान खाली घातली.

अकराला सभागृह भरलं. दिनानाथ मंचावर उभे राहिले. तिसऱ्या रांगेत त्या शाळेतला जुना विद्यार्थी किसन बसला होता. तो त्यांच्याकडे टक लावून बघत होता. दिनानाथ एक पाऊल मागे सरले, थांबले, आणि त्यांनी हात वर केले.

"एक मुलगा होता," अरविंद मोठ्याने सांगू लागला. "घरची आठवण आली की तो हातांनी आई काढून दाखवायचा. पदर, कुंकू, डोक्यावरची पाटी. मग त्याचे हात बाकाला बांधत. पहिल्या वर्षी तो रडायचा. दुसऱ्या वर्षी त्याने काही सांगायचंच सोडलं. माणूस एकदा सांगायचा थांबला की आतल्या आत बुडतो. ते कुणाला दिसत नाही. त्याचं नाव पोपट."

मग एका सोसायटीचे सेक्रेटरी उठून अर्जापाशी आले. त्यांच्यामागे रांग लागली. किसनही रांगेत उभा राहिला. सही करून तो दिनानाथांकडे न बघता बाहेर निघून गेला. दुपारपर्यंत अर्जाची सगळी पानं भरली. खोली मिळणार होती.

वैशाली आनंदाने रडत होती. दिनानाथांनी पिशवी उचलली आणि ते दाराकडे निघाले. कुणी अडवलं नसतं.

बयाबाई वाटेत आडवी आली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

"या हातांनी माझ्या पोराचं सांगलं," ती म्हणाली. "देव तुमचं भलं करो."

अरविंद खुणा करायला पुढे झाला. दिनानाथांनी त्याला थांबवलं. हात हळूच सोडवून घेतले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "मला ऐकू येतं, बाई. पोपटचे हात बांधणारा मास्तर मीच."